खिडकीतून राउंड

१४ सप्टेंबर २०२०, सोमवार

आज कोविड केंद्राचा चार्ज घेतला. वसतिगृहाची इमारत. खाली ऑक्सिजनचे बेड, वर साधे. तालुक्यात माझ्याइतका सीनियर डॉक्टर दुसरा नव्हता. तसे दोघे होते. एकाला शुगर आहे, दुसऱ्याने शुगर असल्याचं सर्टिफिकेट दिलं.

घरी सांगितलं. योगिता म्हणाली, तुम्ही इंजेक्शन देताना पेशंटआधी तुम्हीच डोळे मिटता. नवऱ्याचा मोठेपणा बायकोच्या लक्षात यायला वेळ लागतो. जवळून दिसत नाही.

निश्चय : उद्यापासून रोज सकाळी वॉर्डात आत जाऊन राउंड. प्रत्येक पेशंटच्या खांद्यावर हात ठेवायचा. औषध नंतर, आधी हात.

१५ सप्टेंबर, मंगळवार

पीपीई किट आले. पांढरे, शिवणीवर निळी पट्टी. एक घरी आणलं, सरावासाठी. आधी आतले ग्लोव्हज्, मग अंगातला झगा, शू कव्हर, एन-९५, चष्मा, टोपी, बाहेरचे ग्लोव्हज्, शील्ड. आरशासमोर उभा राहिलो. चंद्रावर निघालेला माणूस.

योगिताला फोटो काढायला लावला. ती म्हणाली, यात तुम्हीच आहात हे लोकांना कसं कळणार? मुद्दा बरोबर होता. शील्ड वर आणि मास्क हनुवटीखाली घेऊन दुसरा काढला. 'तलवाडा परिवार' ग्रुपवर टाकला. साडू राम परळीला थर्मलमध्ये इंजिनिअर आहे, त्याने अंगठा दिला. मामींनी हात जोडलेली सहा चित्रं. मामांनी (सासरे, मोहनराव, गावचे माजी सरपंच) काहीच नाही. निळी टिक मात्र आली.

मामांनी आजवर माझ्याकडून डोकेदुखीची गोळीसुद्धा घेतलेली नाही. ताप आला की बीड गाठतात. माझ्याकडे येतात ते जेवायला. मी मनाला लावून घेत नाही.

राउंड झाला नाही. एकदा घातलेलं किट पुन्हा घालायचं नसतं. शास्त्र आहे.

१७ सप्टेंबर, गुरुवार

मुक्तिसंग्राम दिन. केंद्राच्या आवारात झेंडावंदन. किट घालून झेंडा फडकवला. दोन-दोन ग्लोव्हजमुळे दोरीची गाठ हाताला लागेना, तेव्हा शिपाई सटवाने मागून हिसका दिला. फुलं माझ्याच शील्डवर पडली. पेपरवाला आला होता.

सिस्टर सुनिताने विचारलं, सर, पेशंट तर आत हायेत, बाहेर कावून घातलं? तिला समजावलं की किट हे प्रतीक आहे. लोकांना धीर येतो.

तेवढ्यात डॉ. मुजाहिद वॉर्डातून बाहेर आला. कंत्राटी, तरुण, ताडासारखा उंच. नाकावर मास्कचा लाल वळ, अंगातला टी-शर्ट पिळून काढावा असा. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "सर, तुमचं किट अजून इस्त्रीचं दिसतंय." तरुणांमध्ये विनोदबुद्धी हवी. कामाचा ताण हलका होतो.

राउंड उद्या. आज सुट्टीचा दिवस.

१९ सप्टेंबर, शनिवार

नवी पद्धत शोधली. खिडकीतून राउंड. बाहेर लिंबाखाली खुर्ची टाकली, भोंगा मागवला आणि एकेकाचं नाव घेऊन विचारपूस केली. इन्चार्जच आजारी पडला तर केंद्र कोण चालवणार? सेनापती हत्तीवर बसतो, हत्तीखाली जात नाही.

खिडकीकडच्या पेशंटना चांगला फायदा झाला. भिंतीकडच्यांनी हात वर करायचे, असं ठरलं. केसरबाई म्हणून एक म्हातारी आहे, तिला ऐकू येत नाही. दम लागतो का, विचारलं, तर म्हणाली, झाला. खोकला किती आहे? झाला. मुजाहिद आतून ओरडला की ती चहाचं सांगतेय. एकूण प्रकृती स्थिर धरली.

मुजाहिद आत जाताना पाठीवर मार्करने स्वतःचं नाव लिहून घेतो. मी म्हटलं, डॉक्टरची ओळख नावाने नाही, कामाने व्हावी. तो म्हणाला, हो सर, पण आत सगळे सारखेच दिसतात, सिस्टरने हाक कुणाला मारायची?

२१ सप्टेंबर, सोमवार

अधिक महिना शुक्रवारीच लागला. सकाळीच मामींचा फोन : धोंडे खायला कधी येता? जावयाला देवाचा मान मिळतो तो याच महिन्यात, तोही तीन वर्षांतून एकदा. पुरणाचे धोंडे, अनारसे, पाय धुणं, आहेर. मागच्या अधिकात रामचा पाट उजवीकडे होता आणि माझा डावीकडे. मी अशा गोष्टी लक्षात ठेवत नाही.

मग मामांनी फोन घेतला. म्हणाले, औंदा राहू द्या, रोग लई पसरलाय. धोंडे डब्यात घालून धाडतो, पुढच्या अधिकात दणक्यात करू. मी म्हटलं, मामा, तुमचा जावई कोविडचा इन्चार्ज आहे. मी स्वतः समोर बसलेला असताना तुम्ही कशाला भिता?  मग म्हणाले, तुमी म्हणता तर या.

मामांनी माझं वैद्यकीय मत पहिल्यांदा मानलं. दिवसभर बरं वाटत होतं.

२७ सप्टेंबर, रविवार

तलवाड्याला जाऊन आलो. किट बरोबर नेलं होतं. गाडी वेशीपाशी उभी केली, तिथेच घातलं आणि घरापर्यंत चालत गेलो. कुत्री पुढे, लोक मागे.

मामी ओवाळायला आल्या आणि अडल्या. कुंकू लावायचं कुठे? शेवटी शील्डवर लावलं. अक्षता चिकटेनात, घसरून ताम्हणात परत पडल्या. पाय शू कव्हरसकट धुतले. राम शेजारच्या पाटावर साध्या शर्टात बसला होता. बिचाऱ्याकडे कोणी पाहीना.

मामांनी घरच्याच माणसांचं बोलावणं ठरवलं होतं. पण डॉक्टर जावई येणार म्हटल्यावर भावकी लोटली. कोणाला बीपी दाखवायचं, कोणाला माझ्याबरोबर फोटो. मामा बाजूला, उपरण्याने नाकतोंड बांधून बसलेले. मी सगळ्यांदेखत म्हटलं, मामा, आपल्याच माणसांत कसलं उपरणं? या पंगतीला. आले. उपरणं सोडलं. माझ्या शेजारी बसले.

जेवताना अर्थात किट काढावं लागलं. धोंडा मास्कमधून खाता येत नाही.

आज माझा पाट उजवीकडे होता.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

मामांना कणकण आहे, असा मामींचा फोन. पुरण बाधलं असणार. पॅरासिटामॉल सांगितली. घेतली! माझी पहिली गोळी. रामही तिकडे परळीत तापाने पडला आहे, म्हणजे उगम परळीचा. तिथल्या हवेत राख फार.

 योगिताने कॅलेंडर पाहिलं आणि स्वयंपाकघरात गेली.

४ ऑक्टोबर, रविवार

मामांचा ऑक्सिजन नव्वदच्या खाली. ॲम्ब्युलन्सने माझ्याच केंद्रात आणलं. माणसाचा विश्वास शेवटी कुठे असतो ते अशा वेळी दिसतं. योगिता म्हणाली, बीडला बेड नव्हता, औरंगाबादला पण नव्हता. तेही एक कारण असेल.

स्ट्रेचर वॉर्डात जाताना मी लिंबाखाली उभा होतो. मामांनी मान वळवून पाहिलं आणि हात वर केला. मीही केला.

फाटकाबाहेर योगिता कठड्याला धरून उभी होती. म्हणाली, "मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही." (तसं नाही, पण आठवण करून द्यायची ती वेळ नव्हती.) "बाबा कधी एकटे झोपलेले नाहीत. रोज आत जा आणि थोडा वेळ त्यांच्याजवळ बसा. बाकी जे व्हायचं ते होईल."

शब्द दिला.

५ ऑक्टोबर, सोमवार

पूर्ण किट चढवलं. मनगटाला टेप लावली. वॉर्डाच्या दारापर्यंत गेलो. आतून कोणाचा तरी खोकला ऐकू येत होता, थांबतच नव्हता. चष्म्यावर वाफ धरली. छाती धडधडायला लागली. स्वतःची नाडी पाहिली, दोन ग्लोव्हजमधून लागली नाही. नाडी लागत नसलेल्या डॉक्टरने पेशंटजवळ जाणं पेशंटच्या हिताचं नसतं.

मुजाहिदला सांगितलं, बेड भिंतीकडचा आहे, मोहनराव, माझे सासरे, जरा जास्त लक्ष दे. तो म्हणाला, तुम्ही येताय ना सर? म्हटलं, मागून येतो.

संध्याकाळी योगिताने विचारलं, बसलात बाबांजवळ? बसलो, म्हटलं. लिंबाखाली बसलोच होतो. मध्ये फक्त भिंत होती.

६ ऑक्टोबर, मंगळवार

अजब झालं. योगिताने मामांना फोन लावला होता, स्पीकरवर. दम लागत होता, पण स्पष्ट बोलले. म्हणाले, आलते जावई. जवळ बसलते. पाणी पाजलं हातानं.

मी समोरच पोहे खात होतो. योगिताने माझ्याकडे असं पाहिलं की मी पोह्यांवर दुसऱ्यांदा लिंबू पिळलं.

मामा मुजाहिदला मी समजतात. समजणारच. किटमध्ये डोळ्यांशिवाय काय दिसतं? खूप विचार केला. आता गैरसमज दूर करणं म्हणजे आजारी माणसाचा आधार काढून घेणं. उभारीने पेशंट बरे होतात. यालाच प्लासिबो म्हणतात. मी आत न जाताही आत काम करतो आहे.

७ ऑक्टोबर, बुधवार

मुजाहिद आत जाताना पाठ करून उभा राहिला, नाव लिहा म्हणाला. मार्कर घेतला आणि ठळक लिहिलं : डॉ. बहिरवाळ. माझं. मामांच्या मनाला पक्कं व्हावं म्हणून. उपचाराचाच भाग.

सिस्टर सुनिता शेजारी तयार होत होती. तिने वाचलं. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी काई बोलत न्हाई, सर. मास्क हाय तोंडाला."

दुपारी मुजाहिदने किट उतरवताना पाहिलंच. पिवळ्या पिशवीत टाकण्याआधी पाठ उलटी करून दोनदा वाचली. मग माझ्यापाशी आला. "नाव तुमचं लिहीत जा, सर, हरकत नाही. घाम तेवढा माझ्या नावावर राहू द्या." याने वाईट वाटून घेतलं नाही, हे पाहून बरं वाटलं.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

मामा रोज फोनवर सांगतात. जावयानं चमच्यानं पेज पाजली. जावयानं पालथं झोपवलं, पाठीवर थापटलं. जावई म्हणाले, मोहनराव, श्वास मोजू नका, मी मोजतो.

योगिता लग्नाच्या पहिल्या वर्षी पाहायची तशी पाहते. काल माझ्या ताटात न विचारता तुपाची दुसरी धार. मामींनी वैजनाथाला अभिषेक बोलला आहे. रामचा बिछान्यातून फोन आला. म्हणाला, दादा, मला नसतं जमलं. मी म्हटलं, जमतं रे, एकदा आत पाऊल टाकलं की जमतं.

पेज पाजून पाजून उजवा खांदा भरून आला आहे. योगिताने तेल लावून दिलं.

११ ऑक्टोबर, रविवार

मामांचा ऑक्सिजन घसरला. मास्क बदलून मोठा लावला, तरी चढत नाही. मुजाहिद बाहेर येऊन पायरीवर बसला. आजवर कधी बसला नव्हता. म्हणाला, "सर, बाबा थकलेत. एकदा या आत. माझं ऐका."

उद्या नक्की, म्हटलं.

तो उठला तो खोकतच. सिस्टरने तिथेच टेस्ट केली. पॉझिटिव्ह. स्वतःची पिशवी स्वतः उचलून वरच्या मजल्यावर ॲडमिट झाला. जाताना जिन्यातून वाकून मला म्हणाला की भिंतीकडच्या बाबांना चमचा उजव्या बाजूने लागतो, डावीकडून पेज बाहेर येते.

१२ ऑक्टोबर, सोमवार

सकाळपासून वर जिल्ह्याला फोन करतोय. दुसरा डॉक्टर मिळायला वेळ लागेल, म्हणाले. तोवर तुम्ही आहातच की. मी आहे हे त्यांनाही माहीत होतं.

सिस्टर सुनिता दारात उभी राहिली. सर, म्हणाली, बाबाला पालथं करायचंय, सिलिंडर बदलायचाय, तिकडं केसरबाईनं सलाईन उपटलंय. मी एकटी किती पुरू?

प्रशासकीय कामं बरीच होती. ती आठवत असतानाच योगिताचा फोन आला. बाबा आज फोन उचलत नाहीत. पण तिचा आवाज रडवा नव्हता. "तुम्ही असता त्यांच्याजवळ," ती म्हणाली, "म्हणून मला इतकी भीती नाही वाटत."

फोन ठेवला. मग किट घातलं. मध्ये विचार करायला फट राहू नये म्हणून भराभर घातलं, त्यात एक शू कव्हर राहिलं, ते सिस्टरने घातलं. ती म्हणाली, आत आल्यावर खाली बघू नका, वर बघू नका, माझ्या पाठीकडं बघत चला. तसंच केलं. तिच्या पाठीवर 'सुनिता' लिहिलं होतं. माझी पाठ कोरी.

वॉर्ड मोठा आहे. खिडकीतून लहान दिसायचा.

मामा कुशीवर होते, तोंड भिंतीकडे. दाढी वाढलेली. मास्कच्या आत वाफ यायची आणि जायची. सिस्टरने आणि मी मिळून त्यांना पालथं केलं. माझा हात त्यांच्या खांद्यावर पडला. पडला म्हणजे आधारासाठीच ठेवला होता, मला चक्कर येत होती.

मामांनी मान तिरपी करून पाहिलं.

"नवीन दिसता," म्हणाले. "ते उंच डाक्टर कुठं गेले?"

बोललो असतो तर आवाजावरून ओळखलं असतं. बोट वर केलं. मामांचे डोळे भरून आले. सिस्टर घाईने म्हणाली, तसं न्हाई हो बाबा, वरच्या मजल्यावर हायेत, बरे हायेत, भाकरी खाल्ली सकाळी.

मग पेज. वाटी एका हातात, चमचा दुसऱ्या. हात ऐकेनात. पहिला चमचा मामांच्या कानाकडे गेला. दुसरा उशीवर. मामा म्हणाले, सावकाश, मी कुठं पळून चाललोय. तिसरा उजव्या बाजूने दिला, तो लागला.

थोडं पोटात गेल्यावर ते बोलायला लागले. दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द.

"आमचे जावई बी डाक्टर हायेत. हितलेच मोठे डाक्टर. पण आत येत न्हाईत. लई भेतेत."

सिस्टर सुनिता सिलिंडरच्या काट्याकडे टक लावून पाहत राहिली.

"लेकीला मी सांगतो, रोज येतेत म्हणून. तुमी बी कुणाला बोलू नका. त्या उंच पोराच्या पाठीवर जावयाचं नाव लिवलं होतं कुणीतरी. वाचलं मी. हसू लई आलतं, पण हसायला दम न्हाई पुरत."

चमचा रिकामाच त्यांच्या तोंडापाशी धरून उभा होतो. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले.

"भेतेत ते बरंच हाय," म्हणाले. "भेणारा माणूस घरी परत जातो. माझ्या लेकीला नवरा पायजे. फोटोला हार घालून काय करायचंय तिला?"

शील्ड आतून ओलं झालं, समोरचं काही दिसेना. किट घालण्याआधी काचेला साबण नीट लावला पाहिजे. उद्या लक्षात ठेवणे.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

कालच्या मामांच्या बोलण्याचा वैद्यकीय अंगाने विचार केला. मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की पेशंट असंबद्ध बोलतो. पुस्तकात दिलेलं आहे. त्यात अर्थ शोधू नये.

तरी सकाळी आत गेलो. पेशंट असंबद्ध बोलत असेल तर डॉक्टरने लक्ष ठेवायला हवं. सिस्टरने विचारलं, पाठीवर नाव लिहू का, सर? मार्कर सुकलाय, म्हटलं. तिने तिच्या हातातला चालू मार्कर खिशात ठेवला.

योगिताने रात्रीच्या जेवणाला विचारलं, बसलात बाबांजवळ? बसलो, म्हटलं. तिने मान हलवली, जसं रोज हलवते. तुपाची धार तेवढीच.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

दुसरा डॉक्टर आला. त्याला केंद्र दाखवलं, चाव्या दिल्या, राउंडची पद्धत सांगितली. लिंबाखालची खुर्ची पाहून तो म्हणाला, ही कशासाठी? उन्हाळ्यात सावलीला बरी पडते, म्हटलं.

आता मी आत जायची गरज नव्हती. गेलो. पेज अर्धी लागली, अर्धी सांडली. केसरबाईला दम लागतो का, विचारलं, अगदी कानाशी जाऊन. तिने माझ्या शील्डवर बोट फिरवलं आणि म्हणाली, झाला.

 मामांनी आज पालथे पडून माझा हात धरून ठेवला होता. किती वेळ ते नाही सांगता येणार. आत घड्याळ दिसत नाही. घामाने ग्लोव्हजमध्ये पाणी साठतं आणि बोटांची टोकं सुरकुततात. याची कल्पना खिडकीतून येत नाही. मुजाहिदला वर जाऊन सांगायचं होतं. त्याच्या खोलीबाहेर उभा राहिलो. पण इन्चार्जने ज्युनिअरला असलं काय सांगायचं? दारातून मोसंबी दिली.

१८ ऑक्टोबर, रविवार

मामांचा ऑक्सिजन मास्क काढल्यावरही टिकतो. सिस्टर म्हणाली, बाबा आता भांडतेत, म्हणजे बरे झाले. पेज नको, भाकरी आणि ठेचा मागतात. आता ते स्वतः जेवतात, त्यामुळे आत गेलो नाही. बोलायला लागलेल्या पेशंटला डॉक्टरने त्रास देऊ नये.

निश्चय : योगिताला सगळं खरं सांगायचं. नीट वेळ पाहून. नवरात्र चालू आहे, तिचे उपवास आहेत. दसऱ्यानंतर.

२१ ऑक्टोबर, बुधवार

मामांना डिस्चार्ज. तलवाड्याहून दोन जीपगाड्या भरून माणसं आली. फाटकात रांगोळी. मामी, राम, योगिता. मुजाहिदही बरा होऊन खाली उतरला होता. भिंतीला टेकून उभा होता, अंग निम्मं झालेलं. पेपरवाल्याने त्याला बाजूला सरकायला सांगितलं, फ्रेममध्ये येत होता.

मामा व्हीलचेअरवरून उठले. माझा हात धरला आणि जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला जावयानं वाचवलं. पोटच्या पोरानं केलं नसतं ते केलं." बोलताना माझ्याकडे पाहत होते. सरळ, डोळ्यात डोळे घालून. मी त्यांच्या खांद्यावरच्या शालीकडे पाहत होतो.

टाळ्या झाल्या. रामने वाकून नमस्कार केला. योगिताचा पदर डोळ्यांना. अशा प्रसंगी करायचं भाषण मी पूर्वीच तयार ठेवलं होतं. त्यातलं 'कर्तव्य' एवढंच आठवलं, ते दोनदा म्हटलं. मुजाहिदनेही टाळी वाजवली. एकच, पण वाजवली.

मामांना गाडीत बसवायला मी गेलो. दार लावणार तेवढ्यात त्यांनी खुणेने जवळ बोलावलं. आत वाकलो.

म्हणाले, "शेवटी शेवटी एक नवे डाक्टर यायचे. हात लई थरथरायचे त्यांचे. निम्मी पेज माझ्या कानात गेली. पण यायचे. मी नाव न्हाई विचारलं. त्यान्ला माझा रामराम सांगा."

सांगतो, म्हटलं.

"कुठं असतेत आता?"

बदली झाली त्यांची, म्हटलं.